टर्कीच्या गोळ्यांतला हिंग

मुनीर,

तुझ्या कंपनीतल्या लोकांनी तुझ्यासाठी छोटी शोकसभा घेतली. तुझा मॅनेजर म्हणाला की तू फार शिस्तीचा माणूस होतास. ज्याचे ओले टॉवेल मी सात वर्षं दाराच्या कडीवरून उचलले त्याच्याबद्दल हे ऐकताना मला हसू आवरेना. मग मलाही बोलायला सांगितलं. मी म्हटलं, चांगला रूममेट होता, आणि खाली बसलो. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती तिथे सांगायची माझी तयारी नव्हती. गेल्या मंगळवारी तुझी लेक आफरीन इथे जेवायला आली तेव्हा ती सांगावी लागली. आता तुलाही सांगतो. क्रमानं पहिला तू असायला हवा होतास, तो शेवटचा झालास.

आपल्या दोघांची जोडी मुळात सोयीची होती. माझी बायको मुलाच्या कॉलेजपायी पुण्याला गेली, तुझी सलमा आधीपासूनच रत्नागिरीकडे गावाला. दुबईत अल कुसैसमधलं एका बेडरूमचं घर, दोन पलंग, एक स्वयंपाकघर, आणि कुणी कधी काय शिजवायचं याचा फ्रिजवर चिकटवलेला तक्ता. तक्ता मी करायचो, तू तो मोडायचास. सात वर्षांत तू तुझ्या पाळीच्या दिवशी मला तीनशे वेळा तरी म्हणाला असशील, "शिर्के, आज तूच कर रे, तुझ्या हाताला चव आहे." मला कळायचं की तू मला गुंडाळतो आहेस. मी तरीही करायचो.

मग तुझं पोट बिघडायला लागलं. वजन उतरलं, जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की गव्हातलं ग्लुटेन तुला चालत नाही. गहू, मैदा, रवा, जव, सगळं जन्मभर बंद. चिमूटभरही नको. तू विचारलंस, "ईदला शेवया तरी?" डॉक्टरांनी मान हलवली. वर कोलेस्टेरॉल पाहून मटणही बंद केलं. गाडीत बसल्यावर तू पट्टा लावलास. मग म्हणालास, "चल, खलास. भाकरी आमच्याकडे तशीही तांदळाचीच असते." तुझी ही सवय मला कधी जमली नाही. मी आठवडाभर त्रागा केला असता.

तुझा आजार मी हातात घेतला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. मी पॅकेजिंगमध्ये क्वालिटी बघतो, लेबलं वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. एका शनिवारी मी स्वयंपाकघर रिकामं केलं. सोया सॉस गेला, सूपचे क्यूब गेले, कणकेचा डबा मी माझ्या कपाटात हलवला. तुझा तवा, तुझी चाळणी, तुझा झारा, सगळ्यांना लाल पट्टी चिकटवली. बाहेरून आलेलं प्रत्येक पाकीट मी चष्मा लावून वाचल्याशिवाय ओट्यावर येत नसे. तू मला इन्स्पेक्टर म्हणायला लागलास. "इन्स्पेक्टर, पाणी पिऊ का? लेबल वाचलंस?"

टर्की माझ्याच डोक्यातून आली. चरबी कमी, प्रोटीन भरपूर, हलालचा शिक्का असलेला खिमा हायपरमार्केटमध्ये सहज मिळतो, आणि कामावरून आल्यावर अर्ध्या तासात जेवण तयार. तू पाकीट उलटसुलट करून पाहिलंस. "आपल्या खानदानात कुणी पाहिलाय का हा पक्षी? तुझ्या नाही, माझ्या पण नाही." मी म्हटलं, मोठी कोंबडी समज. पहिल्या मंगळवारी मी मोबाईलवर बघून मीटबॉल केले आणि तव्यावर टाकताच ते फुटले. या खिम्याला चरबी नाही, त्यामुळे ओलावा नाही, आणि पावाचा चुरा घालायचा नाही म्हटल्यावर त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. आपण तो खिमा म्हणून भाताबरोबर खाल्ला. पुढच्या मंगळवारी मी ग्लुटेन नसलेला पावाचा चुरा आणला. "बावीस दिरहॅम? म्हणजे पाचशे रुपये? वाळलेल्या पावाचे?" तू उठलास, डब्यातून मूठभर पोहे काढलेस, पाण्याखाली धरलेस, पिळलेस आणि खिम्यात कुस्करलेस. गोळे धरले. इतके छान धरले की मला राग आला.

हे श्रेय मी तुला कधी दिलं नाही. ऑफिसात मी ती माझी युक्ती म्हणून सांगत असे.

तेव्हापासून मंगळवार ठरला. कांदा किसून पिळलेला, लसूण, मिरी, पुदिना, कोथिंबीर, एक अंडं, तुझे पोहे. वीस मिनिटं फ्रिजमध्ये. मग मी वजनकाट्यावर पस्तीस ग्रॅमचा एकेक गोळा करायचो आणि तू हाताला येईल तसा. तुझा एक सुपारीएवढा, दुसरा लिंबाएवढा. "सगळे सारखे असले तर माणूस कुठला आधी उचलायचा?" ओव्हनमध्ये भाजायचे की तव्यावर परतायचे यावर आपलं दोन वर्षं एकमत झालं नाही. तुला त्यावर नारळाच्या रसाची आमटी हवी असायची, मला टोमॅटोची. मी आजही टोमॅटोच्या बाजूनंच आहे.

आता हिंग. टर्कीच्या खिम्याला थोडा वास मारतो असं मला वाटायचं, तुला नाही. आमच्या घरी ज्याला वास मारतो त्याला हिंग लावतात. माझ्या मिसळणाच्या डब्यात हिंगाची स्टीलची डबी होती, बहिणीनं साताऱ्याहून पाठवलेला हिंग मी त्यात ओतून ठेवला होता. तिला लेबल नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात न तपासलेली ती एकच वस्तू होती, कारण हिंग तपासायचा असतो हेच माझ्या डोक्यात आलं नाही. तो मी जन्मापासून खातो आहे. गोळ्यांत चिमूट, आमटीच्या फोडणीत चिमूट. रोज.

तू बरा होईनास. बुधवारी तर हटकून आडवा. तीन महिने झाले, पाच झाले. मी फ्रिजवर दुसरा तक्ता लावला, कुठल्या दिवशी काय खाल्लंस आणि कसं वाटलं त्याचा. त्यावरून मी निष्कर्ष काढला. घरातल्या अन्नात काही नाही हे मी स्वतः तपासलेलं होतं. म्हणजे तू बाहेर खातोस.

ते भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. तुझ्या गाडीत मला शावरम्याचा कागद सापडला होता, म्हणजे मैद्याची रोटी.

"हा कुणाचा?"

"अशोकनं खाल्ला यार, साइटवर. मी भात नेला होता."

"रोज अशोकच खातो का?"

"कसम से शिर्के, तोंडाला नाही लावलं."

"मग पोट का दुखतं? माझ्या जेवणानं?"

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मला काय माहीत? कदाचित." ते 'कदाचित' मला झोंबलं. मी दोन तास राबून जेवण करतो, लाल पट्ट्या चिकटवतो, आणि हा म्हणतो कदाचित. मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही. मग मी सलमाला फोन केला. तुझ्या भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. तिला म्हटलं, वहिनी, हा बाहेर चोरून खातो, तुम्ही जरा समजवा. त्यात थोडं भलं होतं आणि बराचसा माझा मान होता.

सलमानं तुला काय सुनावलं ते तू सांगितलं नाहीस. त्या गुरुवारी घरी आलास, बूट काढलेस आणि दारातच म्हणालास, "हो रे बाबा, खाल्ला. दोनदा खाल्ला शावरमा. आता यल्ला, चल, विषय बंद कर, चहा टाक." मला फार बरं वाटलं. मी चहा टाकला आणि बिस्किटांचा तुझा वेगळा डबा स्वतः पुढे केला. दुसऱ्या दिवशी सलमालाही कळवलं की त्यानं कबूल केलं.

त्यानंतर दीडेक महिन्यानं डबीतला हिंग संपला. मी सुपरमार्केटमध्ये नवा घ्यायला गेलो आणि सवयीनं डबी उलटी केली. घटकांत पहिलंच नाव गव्हाच्या पिठाचं होतं. मी शेजारची दुसरी उचलली, तिच्यावर मैदा. तिसरीवर पुन्हा गव्हाचं पीठ. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पिठात मिसळूनच विकतात, हे पंचावन्न वर्षं हिंग खाणाऱ्या आणि वीस वर्षं लेबलं वाचणाऱ्या माणसाला त्या दिवशी कळलं. मी बहिणीला फोन करून तिच्या दुकानाचं पाकीट वाचायला लावलं. तेच. मी तिथे बराच वेळ उभा असणार, कारण एका बाईला मसाले घ्यायचे होते आणि तिनं मला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं.

घरी येऊन डबी घासली आणि तिच्यात जिऱ्याची पूड भरली. तुला काही बोललो नाही. म्हटलं, आधी बरा होतो का बघू. तू झालास. दोन महिन्यांत गाल भरले. एका मंगळवारी सहा गोळे खाऊन तू म्हणालास, "शिर्के, तुझ्या हाताला यश आहे." आणि मी म्हटलं, "बाहेरचं बंद केलंस ना, म्हणून." तू मान हलवलीस. "हो, ते पण बरोबर." आणि ताट उचलून घासायला गेलास, त्या दिवशी पाळी माझी असताना.

का नाही सांगितलं? भांडणात मी जिंकलो होतो आणि जिंकलेलं परत करायची मला सवय नाही. एवढंच आहे. भीती वगैरे काही नव्हती. तू रागावला नसतास हे मला माहीत होतं, हसला असतास, आणि रास अल खैमापासून शारजापर्यंत सगळ्या मित्रांना सांगितलं असतंस की इन्स्पेक्टरनंच मला सात महिने पीठ चारलं. त्या हसण्याची मला लाज वाटत होती. वर्ष गेलं. दोनदा विषय काढायचा ठरवला आणि दोन्ही वेळा आपण ओव्हन की तवा यावर भांडत बसलो.

तू गेलास तो हृदयानं, सकाळी, पार्किंगमध्ये. याचा त्याच्याशी संबंध नाही. हे मी डॉक्टरांना तीनदा विचारून घेतलं आहे. तिसऱ्या वेळी ते जरा चिडले. कागदपत्रं केली, तुला गावी पाठवलं, आणि तुझा पलंग अजून तसाच ठेवला आहे कारण त्यावर माझे इस्त्रीचे कपडे राहतात.

गेल्या आठवड्यात आफरीनचा फोन आला. ती गावाहून परत आली आहे, अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या शाळेत रुजू झाली आहे. "काका, डॉक्टर हॅड टोल्ड अस ऑल टु टेस्ट, रिमेंबर? आय फायनली डिड. इट्स पॉझिटिव्ह." तुझं नाक, तुझी उंची आणि आता हा आजारही. पप्पांचे कपडे न्यायला येते म्हणाली, आणि काय खायचं ते शिकायला. मी म्हटलं, मंगळवारी ये.

सहा वाजता आली. मी खिम्याला मसाला लावून ठेवला होता. तिनं बाह्या दुमडल्या, पोहे कुस्करले आणि गोळे वळायला लागली. मी वजनकाटा पुढे केला. तिनं तो बाजूला सरकवला. खोलीतलं तुझं सामान तिनं आधीच दोन बॅगांत भरून दारात ठेवलं होतं, न रडता, पटापट. मला ती आवडते.

जेवायला बसलो. ती मोबाईलवर यादी करत होती. सॉस नको, क्यूब नको, भांडी वेगळी.

"अँड मसाला? लूज मसाले आर ऑल फाइन, राइट?"

मी म्हटलं, "गरम मसाला घरी कर. हिंग टाळ."

"ओके. नो हिंग." तिनं टाइप केलं. एवढंच. का ते तिनं विचारलं नाही. मी तिथे सुटलो होतो, मुनीर. मुलीला जे कळायला हवं होतं ते कळलं होतं, माझ्या नावाला धक्का न लागता. मी अजून दोन गोळे तिच्या ताटात वाढले.

मग ती म्हणाली, "मी पप्पांसारखं नाही करणार. आय वोंट स्नीक शावरमाज. अम्मी स्टिल क्राइज अबाउट इट. म्हणते, आमच्यासाठी एवढंसुद्धा तोंड आवरलं नाही त्यांनी."

मी चमचा खाली ठेवला आणि सांगितलं. डबी, साताऱ्याचा हिंग, गोळ्यांतली चिमूट, सुपरमार्केट. तुझी कबुली खोटी होती आणि मला वर्षभर ते माहीत होतं. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, रिपोर्ट वाचतो तसा. मला दुसरी पद्धत येत नाही.

तिनं यादी बंद करून मोबाईल खाली ठेवला.

"सो ही नेव्हर चीटेड."

"नाही."

"अँड यू न्यू."

"हो."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं सलमाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. "तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्या वेळी कमी शब्द लागले. सलमा तुझ्यामागे इद्दतीचे चार महिने पाळते आहे, घरातच असते, मागे कुणीतरी भांडी लावत होतं तो आवाज येत होता. तिनं आधी तो आवाज बंद करायला सांगितला.

मग ती म्हणाली, "मला म्हणाले होते ते. सलमा, मी खाल्लेलं नाही, शिर्केचं मन मोडू नये म्हणून हो म्हटलं, तो एवढं करतो माझं. शेवटपर्यंत तेच म्हणत होते. मीच नाही मानलं. म्हटलं, शिर्केभाऊ कशाला खोटं बोलतील?"

मी म्हटलं, वहिनी, माझं चुकलं. ते वाक्य तुला सांगायला मला चौदा महिने मिळाले होते. त्यातल्या एका मंगळवारी सांगितलं असतं तर तू तिला फोन करून ताठ मानेनं बोलला असतास, आणि ती हसली असती, आणि तुमची शेवटची वर्षभराची बोलणी वेगळी झाली असती. माझ्या मानाची किंमत तुम्ही दोघांनी भरली. मला हे कुठल्याही तक्त्यात बसवता येत नाही. मला वाईट वाटतं, मुनीर. रोज वाटतं, आणि तुझ्यासारखं चल खलास म्हणता येत नाही.

आफरीन उठून पाणी प्यायली. सलमानं नाक ओढलं. मग तिचा आवाज पुन्हा जवळ आला, ती फोन घेऊन कुठेतरी बसली असावी.

"भाऊ, आफरीन मे महिन्यात येईल घरी. तिला काय द्यायचं, काय नाही, ते नीट सांगा मला. हिंगापासून सांगा. थांबा, पेन घेते."

मी सांगत गेलो. ती प्रत्येक शब्द पुन्हा म्हणून लिहून घेत होती. तिनं एकदाही विचारलं नाही की हे तरी खरं का.